मुक्या जनावरांच्या जखमा शिवतांना

घोड्याला ताप आला, पायाला सूज आली, अंग अवघडलें, किंवा कांहींच झालें नसतां नुसता वसंत ऋतु लागला, तरी त्याच्या मानेची शीर फोडून कित्येक शेर रक्त काढून टाकावयाचें, असा प्रघात अठराव्या शतकांत आणि त्याच्या पुढेंही बरींच वर्षें इंग्लंड-फ्रान्सच्या नालबंदांत होता. घोड्याच्या पायाला नाल ठोकणारा तोच बहुधा त्याचा वैद्यही असे. शिरेवर पातें टेकवावयाचें, त्याच्या पाठीवर लांकडी दांडक्याचा एक नेमका ठोका द्यावयाचा, बादलींत रक्त धरावयाचें. आणि पुरे झालें असें वाटलें म्हणजे जखमेच्या दोन्ही ओठांतून एक टांचणी आरपार घालून तिच्या दोन टोंकांभोंवतीं त्याच घोड्याच्या शेपटीचे चार केस इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखे गुंडाळावयाचे. कांहीं दिवसांनीं टांचणी उपसली कीं काम संपलें.

रक्त काढण्याचा हा सोस निरर्थक होता, पुष्कळदां घातकही होता, हें आतां सांगावयास नको. परंतु टांचणीची युक्ति मात्र हंसण्यासारखी नव्हती. जखम लहान, कातडें सैल, आणि घोडा घटकाभरानें पुन्हां मान हलविणार. अशा ठिकाणीं दोरा मांसांत खोल राहूं नये, ओठ एकमेकांस लागून राहावेत, आणि पुढें टांका काढतांना त्या जनावराशीं फारशी झटापट करावी लागूं नये, हे तिन्ही हेतु त्या एका टांचणीनें साधत होते. कोणता दोरा, कोणती सुई आणि कोणता टांका, हा प्रश्न पशुवैद्यापुढें आजही रोज उभा असतो. त्याचें उत्तर शोधण्याच्या कामीं माणसांचीं रुग्णालयें आणि जनावरांचे गोठे यांच्यामध्यें जी देवघेव झाली, तींत कोणाच्या पदरांत किती पडलें, हें पाहण्यासारखें आहे.

माणसाला टांके घातले म्हणजे डॉक्टर बजावतो कीं, जखमेला हात लावूं नका, जड उचलूं नका, अमुक दिवशीं परत या. रोगी बहुधा ऐकतो. बैलाला हें सांगतां येत नाहीं. तो जखम गोठ्याच्या मेढीला घांसतो. कुत्रा टांके चाटून चाटून शेवटीं दांतांनीं उपटतो. घोडा जमिनीवर लोळतो. गाय तर शस्त्रक्रिया चालू असतांना उभ्याउभ्या शेणाचा पो टाकते, आणि संध्याकाळीं त्याच शेणांत टांके घातलेल्या कुशीवर खुशाल बसते. शिवाय एकाच वैद्याच्या हाताखालीं सकाळीं मांजरीचें नाजुक पोट येतें आणि दुपारीं म्हशीची जाड कातडी.

पोतें शिवण्यास दाभण हवा आणि मलमलीस बारीक सुई, हें कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. शरीराच्या शिवणींतही तोच न्याय चालतो. कातडें चिवट असतें. त्यांतून जाण्यास तीन धारांची सुई लागते. पण तीच सुई आंतडें, मूत्राशय किंवा गर्भाशय अशा मऊ भागांत घातली, तर धारेनें पडलेली बारीक चीर दोऱ्याच्या ताणानें वाढत जाते व त्या भोकांतून आंतलें द्रव्य झिरपूं लागतें. तेथें तंतु न कापतां त्यांना बाजूस सारून पुढें जाणारी, गोल अंगाची सुई पाहिजे. तीन धारांच्या सुईंतही एक बारकावा आहे. सुईच्या बांकाच्या आंतल्या अंगास धार असली, तर ती जखमेच्या कडेच्या दिशेनें कापते, आणि दोरा ओढला कीं टांका त्याच दिशेनें फाटून येतो. म्हणून पुढें धार बाहेरच्या अंगास नेऊन आंतलें अंग सपाट ठेवलेल्या सुया निघाल्या. कुत्रीच्या पोटांत खोल जागीं हात फिरविण्यास वाव नसतो. तेथें अर्धवर्तुळाकार सुई चिमट्यांत धरून नुसतें मनगट वळवितात. म्हशीच्या कुशीवर मात्र लांब, सरळ किंवा टोंकाशींच वांकलेली सुई थेट हातानें चालवितां येते.

हा भेद आपल्याकडील प्राचीन शल्यवैद्यांस चांगला परिचित होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, जेथें मांस थोडें तेथें आणि सांध्यांवर दोन अंगुळें लांबीची गोल सुई, मांसल भागीं तीन अंगुळांची तीन धारांची सुई, आणि मर्मस्थानीं व पोटावर धनुष्यासारखी वांकडी सुई सांगितली आहे. दोऱ्यांच्या यादींत बारीक सूत, ताग, जवसाचा धागा, स्नायु, केस, इतकेंच नव्हे तर मूर्वा व गुळवेल यांचे तंतुही आहेत. टांक्यांचे प्रकार चार दिले आहेत: वेलीच्या वेढ्यासारखा वेल्लितक, गोफणीच्या घाटाचा गोफणिका, फाटकें वस्त्र तुणल्यासारखी तुन्नसेवनी, आणि प्रत्येक टांक्याला स्वतंत्र सरळ गांठ मारलेला ऋजुग्रंथि. आजच्या शस्त्रक्रियेंतील सलग टांका आणि सुटा टांका ही मुख्य विभागणी येथें स्पष्ट दिसते. टांके फार दूर घालूं नयेत व फार जवळही घालूं नयेत, हा इशाराही तेथें आहे.

हें सारें माणसांसाठीं लिहिलेलें आहे. पण जनावरांच्या वैद्यकाची स्वतंत्र परंपराही आपल्याकडे होती. पालकाप्याच्या नांवावर चालणारा 'हस्त्यायुर्वेद' हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ मध्यें छापून प्रसिद्ध केला. त्याच्या चार स्थानांपैकीं एक सबंध शल्यस्थान आहे. घोड्यांच्या वैद्याला आपण सलोत्री म्हणतों, तो शब्द शालिहोत्राच्या नांवाचाच अपभ्रंश. ग्रंथांतील हें ज्ञान खेडोपाडींच्या वैदूंच्या हातांत कितपत उतरलें, हा प्रश्न निराळा.

युरोपांत जनावरांच्या वैद्यकाची पहिली शाळा क्लोद बुर्जला यानें फ्रान्समधील लियों शहरीं १७६२ मध्यें उघडली. गुरांची बुळकांडी त्या वेळीं गांवेंच्या गांवें ओस पाडीत होती, आणि शाळेला राजाश्रय मिळाला त्याचें एक मोठें कारण तेंच. लंडनची शाळा १७९१ मधली. शाळा निघाल्या, पण दोरा जुनाच राहिला: रेशीम, जवसाचा धागा, ताग. रक्तवाहिनी बांधावयाची झाली, तर दोऱ्याचें एक टोंक जखमेबाहेर लोंबतें ठेवीत. तेथें पू होणार, गांठ कुजून सुटणार आणि मग दोरा ओढून काढावयाचा, हें गृहीतच धरलेलें असे. माणसांच्या रुग्णालयांतही हीच रीत होती. ओढतांना कधीं कधीं रक्तवाहिनीच उघडी पडे आणि रोगी हातचा जाई.

या रीतीला धक्का दिला तो ग्लासगो येथील शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यानें, आणि त्याला वाट दाखविली ती एका घोड्यानें व एका वासरानें. जखमेंतील जंतूंचा कार्बोलिक आम्लानें नाश करण्याची आपली पद्धति लिस्टरनें १८६७ मध्यें प्रसिद्ध केली. जंतु नसतील तर पू होणार नाहीं, आणि पू होणार नसेल तर दोऱ्याचें टोंक बाहेर लोंबतें ठेवण्याचें कारणच काय, असा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्या वर्षीं १२ डिसेंबर रोजीं त्यानें एका घोड्याच्या मानेंतील मोठी धमनी कार्बोलिकांत भिजविलेल्या रेशमानें बांधली, दोन्ही टोंकें गांठीजवळ कापलीं, आणि जखम बंद केली. सुमारें सहा आठवड्यांनीं तो घोडा मेला. तेव्हां तपासतां, रेशीम होतें तसेंच आंत निवांत पडलेलें आढळलें.

लिस्टरला धीर आला, आणि १८६८ च्या आरंभीं त्यानें एका स्त्रीच्या मांडीकडे जाणारी फुगलेली धमनी याच रीतीनें बांधली. ती बरी झाली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका धमनीच्या विकारानें तिचा अंत झाला. या वेळीं मात्र गांठीच्या जागीं रेशीम झिजलेलें दिसलें, आणि त्याभोंवतीं पुवासारख्या द्रवाचा एक लहानसा सांठा आढळला. घोड्यानें सहा आठवड्यांत जें सांगितलें नव्हतें, तें दहा महिन्यांनीं उघडकीस आलें. जो दोरा शरीर पचवूं शकत नाहीं, तो आज ना उद्यां उपद्रव देणार. तेव्हां शरीराला पचवितां येईल असाच दोरा पाहिजे.

१८६८ च्या शेवटच्या दिवशीं, म्हणजे ३१ डिसेंबरला, लंडनजवळच्या अप्टन येथें वडिलांच्या घरीं, भाच्याला मदतीस घेऊन लिस्टरनें एका वासराच्या मानेंतील धमनी दोन ठिकाणीं बांधली. एक गांठ बैलाच्या उदरांतील पातळ आवरणाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दोऱ्याची होती, आणि दुसरी बारीक तांतीची. तांत म्हणजे पिंजाऱ्याच्या कमानीला आणि सारंगीला लागते तीच, मेंढीच्या आंतड्यापासून पिळून केलेली. इंग्रजी नांवांत तिला मांजर चिकटलें आहे, पण मांजराचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. महिन्याभरानें वासरूं मारून पाहिलें. प्रथमदर्शनीं दोन्ही गांठी जागच्या जागीं दिसल्या, आणि लिस्टरची निराशा झाली. नीट पाहतां कळून आलें कीं, ज्याला तो दोरा समजत होता तो दोरा नव्हताच. दोरा विरून गेला होता, आणि त्याच्या जागीं त्याच आकाराचें जिवंत तंतुमय वेढें तयार झालें होतें. १८६९ मध्यें हें प्रसिद्ध झालें आणि तांतीला शस्त्रक्रियेंत मानाचें स्थान मिळालें. तांत जखमेंत फार लवकर मऊ पडते म्हणून तिला चामड्यासारखें कमावण्याचे प्रयोग लिस्टर पुढें कित्येक वर्षें करीत होता. क्रोमिक आम्लांत मुरविलेली, जास्त टिकणारी तांत १८८१ ची.

वासराचा हा उपकार मोठाच. पण कुत्र्यांचा त्याहून मोठा, आणि त्याची किंमतही त्यांनीं अधिक दिली. फाटलेलें आंतडें शिवलें तर तें सांधतें कसें, हें पाहण्यासाठीं लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्सनें केलेले कुत्र्यांवरील प्रयोग १८१२ मध्यें पुस्तकरूपानें बाहेर आले. १८२६ मध्यें पॅरिसच्या आंत्वान लँबेर यानें आंतड्याच्या कडा आंत वळवून, बाहेरच्या गुळगुळीत आवरणाला बाहेरचेंच आवरण भिडविणारा टांका दाखविला. तेंच आवरण कांहीं तासांत एकमेकांस चिकटतें, ही त्याची मर्मदृष्टि. हीही परीक्षा कुत्र्यांवरच झाली. ईथरची गुंगी १८४६ मध्यें आली आणि क्लोरोफॉर्मची १८४७ मध्यें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कुत्र्यांनीं काय सोसलें तें वेगळें सांगावें लागत नाहीं. १८८७ मध्यें अमेरिकेंत विल्यम हॉल्स्टेडनें, पुन्हां कुत्र्यांवरच, असें सिद्ध केलें कीं, आंतड्याच्या भिंतीच्या थरांपैकीं टांका धरून ठेवणारा थर एकच: आंतल्या बुळबुळीत अस्तराच्या लगेच बाहेरचा चिवट थर. तेवढा सुईंत आला पाहिजे. नुसतें वरचें आवरण आणि स्नायु धरले तर टांका निसटतो. गंमत अशी कीं, तांत करणारे कारागीर मेंढीच्या आंतड्यांतून नेमका हाच थर शिल्लक ठेवीत आले होते, आणि बाकीचा खरवडून टाकीत होते. कोणता थर भक्कम, हें सारंगीच्या तारेनें शास्त्राच्या आधींच ओळखलें होतें!

मग जनावरांच्या वाट्याला काय आलें? आलें, पण उशिरानें आणि बेताबेतानें. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ मध्यें सुरू झालें, तेव्हां लिस्टरची तांत सतरा वर्षांची झाली होती. पण गोठ्यांत तांत वापरावयाची म्हणजे ती निर्जंतुक पाहिजे, आणि मेंढीच्या आंतड्यापासून केलेला पदार्थ निर्जंतुक करणें हें सोपें काम नव्हे. उकळली तर ती विरघळते. अपुऱ्या शुद्ध केलेल्या तांतीमुळें धनुर्वात झाल्याचीं उदाहरणें माणसांच्या रुग्णालयांतही घडलीं. उलट रेशीम आणि जवसाचा धागा उकळतां येतो, तो स्वस्त असतो, आणि ओल्या हातांतही त्याची गांठ सरकत नाहीं. म्हणून खेड्यांतील पशुवैद्य पुष्कळ काळ त्यांनाच धरून राहिला, यांत त्याचा अडाणीपणा नव्हता. कातडीसाठीं रेशमाच्या किड्याच्या ग्रंथि ताणून केलेला ताठ, गुळगुळीत धागाही असे. तो स्पेनमधील मुर्सिया प्रांतांत तयार होई, आणि मासे धरण्याच्या गळालाही तोच बांधीत.

लँबेरच्या टांक्याचा खरा लाभ झाला तो गाईला. गाय चारा निवडून खात नाहीं. खिळा, तारेचा तुकडा, सुई, जें वैरणींत येईल तें गिळते. तें लोखंड पोटाची भिंत भेदून हृदयाकडे सरकूं लागलें, तर गाय झुरून मरते. अशा वेळीं डावी कूस बधिर करून, गाय उभी ठेवूनच, कोठीपोट म्हणजे पहिलें मोठें पोट उघडतात आणि आंत खांद्यापर्यंत हात घालून लोखंड बाहेर काढतात. पोटांतील आंबलेला चारा उदरांत सांडला तर मरण ठरलेलें. म्हणून कोठीपोटाची भिंत आधीं बाहेर ओढून जखमेच्या कडेला पक्की करतात, मगच तिला चीर देतात; आणि शेवटीं कडा आंत वळविणाऱ्या टांक्यांच्या दोन ओळी घालतात. वरचें कातडें मात्र कांबळ्याच्या कडेला घालतात तशा, एकमेकांत अडकत जाणाऱ्या टांक्यानें शिवतात, कारण तो लवकर होतो आणि ताण सर्वत्र सारखा वांटतो. त्याचा तोटा हा कीं, एका जागीं तुटला तर सबंध शिवण सैल पडूं शकते. म्हणून जेथें धोका अधिक तेथें शहाणा वैद्य वेळ गेला तरी सुटेच टांके घालतो.

अडलेल्या गाईचें पोट चिरून वासरूं काढल्यावर गर्भाशय शिवण्याचीही एक खास रीत आहे. हॉलंडमधील युट्रेक्ट येथील प्रसिद्ध पशुवैद्यकीय विद्यालयाच्या नांवानें ती ओळखली जाते. तींत सुई तिरपी घालतात, आणि गांठी अशा दडवितात कीं दोऱ्याचा लवलेश बाहेर दिसूं नये. बाहेर उरलेल्या दोऱ्याला आंतडें किंवा उदराचें आवरण चिकटतें, आणि मग ती गाय पुन्हां गाभण राहील याचा भरंवसा नसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनें गाय नुसती वांचून भागत नाहीं. असाच दुसरा प्रसंग मायांग बाहेर येण्याचा. बारीक मजबूत दोऱ्यानें तें शिवलें, तर गाय कुंथतांच तोच दोरा करवतीसारखा मांस कापीत जातो. फ्रीड्रिख ब्यूनर या जर्मन पशुवैद्यानें १९५८ मध्यें यावर लांब सुईनें कातडीखालून सभोंवार रुंद फीत ओंवून, बटव्याच्या तोंडासारखी ती आंवळण्याचा उपाय सांगितला. दोरा जितका मजबूत तितका चांगला, हा सामान्य माणसाचा समज येथें अगदीं उलटा ठरतो. फीत रुंद, म्हणून ती कापत नाहीं; आणि विण्याची वेळ आली म्हणजे ती सोडतां येते.

१९२० नंतरच्या दशकांत सुईचें नाकच नाहींसें झालें. नाकांतून ओंवलेला दोरा दुहेरी होतो आणि सुईनें पाडलेल्या भोकाहून जाड होऊन मांस ओरबाडतो. त्याऐवजीं सुईच्या बुडांतच दोऱ्याचें टोंक दाबून बसविलेल्या सुया मिळूं लागल्या. पुढें नायलॉन आलें. १९७० नंतर तर रसायनशाळेंत केलेले, शरीरांत पाण्याच्या योगानें हळूहळू विघटणारे दोरे आले: पॉलिग्लायकोलिक आम्लाचा पहिला, मग पॉलिग्लॅक्टिनचा, आणि १९८० नंतर पॉलिडायॉक्झॅनोनचा. दोरा किती दिवस भार घेईल, हें आधीं सांगतां येण्याची सोय त्यामुळें झाली. साधी तांत आठ-दहा दिवसांत ढिली पडते, आणि पू असलेल्या जखमेंत त्याहूनही लवकर. पॉलिग्लॅक्टिनचा दोरा तीन आठवड्यांनीं निम्मा जोर राखतो, पॉलिडायॉक्झॅनोनचा चार आठवड्यांनीं.

आणि शरीराचें घड्याळ जागोजाग निरनिराळें चालतें. कुत्र्याचें मूत्राशय दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत् बळकट होतें. तेथें फार टिकणारा दोरा ठेवला तर त्यावर मुतखड्याचे थर चढतात. पोटाच्या मध्यरेषेवरील पांढरा पडदा मात्र तीन आठवड्यांनीं आपल्या मूळ बळाचा जेमतेम पांचवा हिस्सा कमावतो. तेथें तांत घातली, आणि कुत्रा दहाव्या दिवशीं पलंगावरून उडी मारूं लागला, तर आंतडीं कातडीखालीं उतरतात. दोऱ्याच्या विणीकडेही पाहावें लागतें. अनेक तंतूंचा विणलेला दोरा हातास मऊ आणि गांठीस भरंवशाचा, पण दिव्याच्या वातीसारखा तो द्रव शोषतो, आणि त्याबरोबर जंतु आंत नेतो. एकाच तंतूचा दोरा स्वच्छ राहतो, पण ताठ असतो आणि गांठ उकलूं पाहतो. त्याला वेढे जास्त द्यावे लागतात. विणलेल्या नायलॉननें कुत्रीच्या गर्भाशयाच्या शिरा बांधल्यामुळें महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, कुशीवर वाहती नाळ फुटल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांच्या चांगल्याच परिचयाचीं आहेत. लिस्टरच्या त्या स्त्रीच्या धमनींत जें घडलें, तेंच येथें शंभर वर्षांनीं घडलें!

तांतीला निरोप मिळाला तो मात्र एका अनपेक्षित दिशेनें. गाईंच्या मेंदूला पोखरणाऱ्या रोगाच्या भीतीमुळें २००१ च्या सुमारास युरोपांत माणसांच्या शस्त्रक्रियेंतून ती काढून टाकण्यांत आली. जनावरांच्या दवाखान्यांत ती अजून पुष्कळ ठिकाणीं चालते, कारण ती स्वस्त आहे.

भारतांत या सर्व विचाराचा कस आज लागतो तो रस्त्यावरच्या कुत्र्यांवर. मोकाट कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना पुन्हां त्याच जागीं सोडण्याचे नियम केंद्र सरकारनें २००१ मध्यें केले, आणि २०२३ मध्यें त्यांच्या जागीं नवे आले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्री जाळ्यांत धरून आणतात. तिला मालक नसतो, गळ्यांत पट्टा नसतो, आणि टांके काढण्यासाठीं तिला बाराव्या दिवशीं पुन्हां पकडणें जवळजवळ अशक्य असतें. म्हणून चीर होईल तितकी लहान घेतात, पोटाचा पडदा विरघळणाऱ्या पण सावकाश विरघळणाऱ्या दोऱ्यानें शिवतात, आणि कातडीचा टांका कातडीच्या आंतूनच नागमोडी नेऊन त्याच्या दोन्ही गांठी खोल पुरतात. बाहेर दोऱ्याचें टोंक नसल्यामुळें तिला ओढावयास कांहीं सांपडत नाहीं. कांहीं दिवस पिंजऱ्यांत ठेवून तिला तिच्या गल्लींत नेऊन सोडतात. आंतला दोरा पुढच्या कांहीं महिन्यांत विरून जातो. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाच्या टोंकाला घेतलेला छेद तेवढा राहतो.